बाबांना न सापडलेली फलश्रुती

वाचणाऱ्या मैत्रिणींनो, आज मी निरुत्तर झाले.

सुट्टीसाठी वडनेरला येताना मी एक कादंबरी आणली होती. तिच्यातल्या गावचा देव गोंगाटाला कंटाळून देवळातून निघून जातो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. आरत्या चालूच, देणगीदारांच्या पाट्या रंगवणं चालूच. मी पोट धरून हसले होते.

बाबांनी आजवर फक्त पोथ्या वाचल्या. हीसुद्धा त्यांनी तशीच वाचली. आंघोळ करून, पाटावर बसून, खुणेला मोरपीस ठेवून. आज सकाळी संपली, तरी मागची कोरी पानं उलटत होते.

"बाई, याच्यात फलश्रुती काऊन नाही? वाचणाऱ्याले काय भेटते, थे शेवटी लिहेलं असते ना?"

म्हटलं, "बाबा, हे पोथी नाही. लोकाईले हसवासाठी लिहेलं हाये."

"हसवासाठी?" त्यांनी पुस्तक मिटलं. "देव गेला अन् गावाले समजलंबी नाही. याच्यात हसाचं काय हाये, माय?"



संध्याकाळी आम्ही मारोतीच्या देवळात गेलो. बाबा रोज पायरी चढताच घंटा वाजवतात. आज मात्र घंटेखाली थांबले आणि वाकून गाभाऱ्यात पाहत राहिले.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. हाये का, पाहून राह्यलो."

मग मीही पाहिलं. लहानपणापासून इथे येते, पण डोळे मिटूनच हात जोडत आले.

तुम्ही शेवटचं कधी पाहिलं होतं?