धुरपदामावशींच्या गाडीचा ताप

"मिस्त्री, आत इस्तू पेटला का काय?" गोविंदमामा दोन पावलं मागे सरकत म्हणाले.

मी बॉनेट उघडून उभा होतो. आतला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड चुलीत विसरलेल्या उलथण्यासारखा लाल झाला होता.

मॅनिफोल्ड म्हणजे बिडाचा जाड नळ. चारही सिलिंडरांमधला जळका धूर गोळा करून तो सायलेन्सरकडे धाडतो. त्याचं तापणं नेहमीचंच. पण दिवसाढवळ्या लाल दिसायला लागला, तर समजावं की काहीतरी फार बिघडलंय. त्याच्या शेजारूनच डिझेलचा पाइप आणि वायरिंग जातं.

सेनगाव रोडला माझं गॅरेज आहे. मामांचा तांडा तिथून पुढे. त्यांची पिकअप बावीस वर्षांची. हळदीच्या हंगामात ती शेतावरून पोती भरून हिंगोलीच्या मार्केटला आणते. गेल्या आठवड्यापासून चढाला दम सोडायची आणि काळा धूर ओकायची. दुसऱ्या एका मिस्त्रीनं सरळ इंजिन खोलायला सांगितलं होतं. आठ दिवसांचं काम.

"आठ दिवस न्हाईत माझ्याजवळ," मामा म्हणाले. "परवा सोनीला आणायचंय."

सोनी त्यांची लेक, सासर सिद्धेश्वरकडे. पहिलंच बाळंतपण, आठवा महिना. आणायचं तर याच आठवड्यात आणा, नंतर प्रवास नको, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

"जीप करा की, मामा."

"केली असती. पण पोरगी आडून बसली. म्हनती, येईन तर आपल्याच गाडीत. ती आन गाडी एकाच साली घरात आल्या ना."

धुरपदामावशी, मामांची बायको, लिंबाच्या सावलीला बसून हे ऐकत होत्या. नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मलाही दोन लेकी आहेत. त्या विस्तवापासून हातभर अंतरावर पोटुशी पोर बसवायची, हे मला पटेना.

काळ्या धुराचे अर्थ दोन. एक तर डिझेल जास्त जातंय, नाहीतर हवा कमी मिळतेय. दोन्हीकडून धूर जास्त तापतो आणि मॅनिफोल्ड लाल होतो. मी पहिला अर्थ धरून बसलो. कारण साधं होतं. एअर फिल्टर महिन्यापूर्वी मीच नवीन टाकला होता. आपण केलेल्या कामावर संशय घ्यायची आपल्याला सवय नसते.

डिझेलच्या पंपाचं टायमिंग तपासलं. बराबर होतं. डिझेल फवारणारे नोझल काढून बघितले. तेही ठीक. मग वाटलं, सायलेन्सर चोंदला असेल, धूर तुंबून राहिला असेल. मॅनिफोल्डखालचा पाइप सोडला, मागं हळदीची पोती तशीच ठेवून गाडी चढावर नेऊन आणली. सगळा रोड कानावर हात ठेवून बघत होता. परत येऊन बॉनेट उघडलं, तर मॅनिफोल्ड तसाच लाल.

"कळालं का काही?" मामांनी विचारलं.

"कळलं असतं तर असा उभा राहिलो असतो का?" मी खेकसलो. राग मला माझाच आला होता.

चहा घेतला. मग मामांना रेस द्यायला सांगून नुसताच बघत उभा राहिलो. फिल्टरकडून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप आत दबत होता. नारळातलं पाणी संपल्यावरही नळी ओढत राहिलं की गाल आत जातात ना, तसा. गाडीला श्वासच मिळत नव्हता.

फिल्टरचा डबा उघडला. फिल्टर कोराकरकरीत. हळदीच्या हंगामात एवढा स्वच्छ फिल्टर मी जन्मात पाहिला नव्हता. हात पुढे सरकवत हवेच्या पाइपच्या तोंडापर्यंत, हेडलाइटच्या मागे गेलो. बोटांना गाठ लागली.

जुन्या ओढणीचं फडकं, तीन पदरी, सुतळीनं गच्च आवळलेलं. हळदीची धूळ बसून पापडासारखं कडक झालेलं.

"हे कुणी बांधलं?"

मामांनी नकारार्थी मान हलवली. सावलीतून मावशी उठल्या.

"म्याच बांधलं. हळद पालिश करताना लई धुराळा उडतो. ह्यांना खोकला लागतो म्हून ह्यांच्या तोंडाला रुमाल बांधते. गाडीला कोन बांधनार? खळ्यावर बैलाला मुसकं घालतोच की आमी."

बैलाचं मुसकं जाळीचं असतं, त्यातून वारा येतो, हे मी त्यांना सांगणार होतो. पण त्यांचं लक्ष मघाशी लाल झालेल्या लोखंडाकडे गेलं होतं. त्यांना समजलं.

"म्हंजी म्याच जाळत होते व्हय गाडी? आन लेकरू त्यात बसनार होतं!" त्या खाली बसून पदरानं डोळे पुसू लागल्या.

मामा त्यांच्याजवळ गेले. आता बाई बोलणी खाणार, असं मला वाटलं. मामांनी ते फडकं माझ्या हातातून घेतलं, झटकलं, घडी घालून खिशात ठेवलं.

"काहून रडून राहिली? जीव लावला म्हून बांधलं. उठ."

नट आवळायचं निमित्त करून मी गाडीखाली शिरलो.

सोडलेला पाइप जोडला, मॅनिफोल्डला तडा नाही ना ते पाहिलं, त्याच्या सांध्यातलं तापून गेलेलं गॅस्केट बदललं. त्याच पोत्यांसह चढावर दोन फेऱ्या मारल्या. धूर साफ. मॅनिफोल्ड काळाच्या काळा. तिसऱ्या फेरीला मावशींना शेजारी बसवलं. त्यांची खात्री पटल्याशिवाय सोनी त्या गाडीत बसणार नव्हती, हे उघड होतं.

सोनी आली, आपल्याच गाडीतून. पुढं दीड-दोन महिन्यांनी पिकअप पुन्हा गॅरेजासमोर थांबली. मावशींच्या मांडीवर नात होती, छोट्या गोधडीत गुंडाळलेली. गोधडीच्या मधोमध एक पिवळंजर्द ठिगळ.

"चार डाव धुतलं, मिस्त्री. हळद जात न्हाई," मावशी म्हणाल्या.

"आन तोंड उघडं ठिवलंय बरं का तिचं," मामा हसले. मावशींनी त्यांना कोपर मारलं.

तेव्हापासून गाडी आली की मी दोन प्रश्न विचारतो. चालवतं कोण, आणि जीव कोण लावतं? पहिल्याची चूक लगेच सापडते. दुसऱ्याची शोधायला अर्धा दिवस जातो.