दुआ झाली की बैठक संपते

माझी नणंद एन्दाह शहराच्या पाणी खात्यात जोखीम विभागाची प्रमुख आहे. म्हणजे नेमकं काय करतेस, असं मी एकदा विचारलं. मला ती म्बाक म्हणते, थोरली बहीण. म्हणाली, "म्बाक, काय बिघडणार आहे ते बिघडायच्या आधी साहेबांना सांगायचं, आणि मग त्यांचं तोंड बघत बसायचं."

समुद्राकडच्या आळीत भरतीचं पाणी उपसायला दोन पंप आहेत. एक चालतो. तो अडला तर चालवायचा दुसरा गेल्या रमजानपासून मेलेला आहे. त्याच आळीत माझ्या सासूबाई राहतात. पाणी आत येऊ नये म्हणून घरात दोनदा भर घालून जमीन उचलली. छत आहे तिथंच राहिलं. आता दारातून वाकूनच आत जावं लागतं.

पंप मेलाय हे खात्यात सगळ्यांना माहीत आहे. एन्दाहला तो जोखमीच्या तक्त्यात लाल दाखवायचा होता, एवढंच. लाल दाखवलं की खातेप्रमुखांना महापौरांपुढे उभं राहून दुरुस्ती कधी करणार ते लेखी द्यावं लागतं. पिवळं दाखवलं की 'लक्ष ठेवून आहोत' म्हटलं तरी भागतं. आणि खातेप्रमुख विदाग्दो यांना, सगळे त्यांना मानाने पाक विदाग्दो म्हणतात, उत्तम कारभाराच्या बक्षिसाची ढाल यंदाही हवी होती. तक्त्यात एक जरी लाल असलं तरी ती जाते.

आमच्याकडे बैठकीत मतं मोजत नाहीत. सगळ्यांचं एक होईपर्यंत बोलत बसायचं. तळलेली केळी आली, संपली, एन्दाह हटेना. मग पाक विदाग्दो हसून वयोवृद्ध पाक मस्हुदींना म्हणाले, "दुआ करून संपवू या." मस्हुदींनी तळहात उघडले. दुआ सुरू झाल्यावर हात खाली कोण ठेवील? एन्दाहनेही उघडले, सगळ्यांबरोबर आमीन म्हणाली, आणि इतिवृत्तात लिहिलं गेलं: पिवळा, सर्वानुमते.

"तू कशाला आमीन म्हणालीस?" मी नंतर तिला विचारलं.

"अल्लाहला म्हणाले, म्बाक. विदाग्दोंना नाही."

मला त्या दिवशी नमाजला उभं राहिल्यावरही तेच आठवत राहिलं. ज्याच्यापुढे आपण हात पसरतो त्याचंच नाव घेऊन एखाद्या बाईचं तोंड बंद करायचं.

पुढच्या बैठकीत विषय परत काढते, असं एन्दाहने कळवून टाकलं. त्यानंतर पाक विदाग्दो सालाक फळांची करंडी घेऊन सासूबाईंकडे आले. मी जेवण घेऊन गेले होते, म्हणून चहा मीच केला.

"इबू," त्यांनी सासूबाईंना आई म्हणून हाक मारली, "गुडघा कसा आहे?"

"पाणी चढलं की ठणकतो."

"जपा हं. या घरात बरीच वर्षं झाली असतील?"

"लग्न होऊन आले ती इथंच. आता एन्दाहच्या नावावर करून दिलंय."

"छान केलंत," म्हणाले आणि चहा संपवला. निघताना त्यांचं कपाळ चौकटीवर आपटलं.

"इथे वाकायचं असतं, साहेब," सासूबाई म्हणाल्या.

संध्याकाळी एन्दाहने विचारलं, "पंपाबद्दल काय बोलले?"

"एक शब्द नाही."

"म्हणजे पंपासाठीच आले होते."

पुढच्या बैठकीत मस्हुदींनी तळहात उघडले तेव्हा एन्दाहचे हात टेबलावरच होते. "माफ करा, पाक. माझं बोलणं संपलेलं नाही. दुआ नंतर करू." मस्हुदींचे हात तसेच अधांतरी राहिले.

पाक विदाग्दो चिडले नाहीत. ते चिडतच नाहीत. "बरोबर आहे बू एन्दाहचं," बाई म्हणतात तसं आदराने बू लावून म्हणाले. "पण बू, त्या आळीतलं घर तुमच्या नावावर आहे ना? ज्याचा स्वतःचा संबंध असेल त्याने त्या विषयापुरतं बाहेर बसायचं, हा नियम तुम्हीच आणलात. आम्हाला शिकवलात."

खरंच तिनेच आणला होता. कंत्राटदारांचे मेहुणे ज्या बैठकीत बसत, तिथून त्यांना उठवायला.

"आणि तू उठलीस?" मी विचारलं.

"न उठून काय करू? आज मी बसले तर उद्या मेहुणे परत येऊन बसतील. नियम चुकीचा नाही, म्बाक. मला त्याचाच तर संताप येतोय."

बाहेरच्या बाकावर ती बसून होती. थोड्याच वेळात बंद दारातून आमीन ऐकू आलं.

आज आम्ही दोघी सासूबाईंच्या पलंगाखाली विटा लावायला गेलो. खाली बसून, कंबर धरून, एकेक पाय उचलून लावल्या.

"अजून एक लावलीत तर उठताना डोकं छताला लागेल," सासूबाई म्हणाल्या.

"मग पडून राहा, इबू," एन्दाह म्हणाली. "साहेब लक्ष ठेवून आहेत."

सासूबाई हसल्या. मला हसू आलं नाही. पौर्णिमेची भरती जवळ आली आहे. मी दुआ करतेच आहे, पण पंप दुरुस्त करणं हे अल्लाहकडे मागायचं काम नव्हतं.