हलक्या काडतुसाची रेसिपी

नोव्हेंबरचा पहिला मंगळवार. सकाळपासून मी हेल्पलाइनवर होते. मी पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, बनवणाऱ्या एका कंपनीत बॅलिस्टिक्स टेक्निशियन आहे. आठवड्यातले तीन दिवस लॅब, दोन दिवस फोन. फोनवर काम एकच: रिकामी काडतुसं घरी पुन्हा भरणाऱ्यांना आमच्या डेटाबुकातून रेसिपी वाचून दाखवायची.

रेसिपी म्हणजे पाच गोष्टी. कवच कोणतं, तळाशी ठिणगी देणारा प्राइमर कोणता, पावडर कोणती आणि किती, पावडर आणि छर्रे यांच्यामध्ये बसणारी प्लास्टिकची वाटी, म्हणजे वॉड, कोणता आणि छर्रे किती वजनाचे. पाचांतली एक जरी बदलली तरी रेसिपी बाद. अंदाज चालत नाही.

अकराच्या सुमारास फोन आला. "जय भीम, सुजाता. वानखेडे बोलतोय."

वानखेडेकाका आमच्या विहारातले. मूळ नागपूरचे, इथं फीनिक्सजवळ चँडलरच्या चिप फॅक्टरीतून प्रोसेस इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. त्यांची मुलगी अनघा कॉलेजच्या टीममधून ट्रॅप खेळते: उडणाऱ्या मातीच्या तबकड्या बंदुकीनं फोडायच्या. जूनमध्ये तिच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी फक्त हलक्या, म्हणजे कमी छर्ऱ्यांच्या आणि खांद्याला कमी धक्का देणाऱ्या काडतुसांची परवानगी दिली होती. शनिवारी डोंगरावर, फ्लॅगस्टाफला शेवटची क्वालिफाइंग मॅच. तिचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष.

"जय भीम, काका. पावडर कोणती आहे?"

त्यांनी नाव सांगितलं. सावकाश जळणारी, जड काडतुसांसाठीची.

"हलक्यासाठी ही नाही चालत. जलद पावडर लागते."

"कुठंय जलद पावडर? तुमच्या गोदामात तरी आहे का?"

नव्हती. कच्चा मालच येत नव्हता. तयार हलकी काडतुसंही फीनिक्सच्या दुकानांत महिनोन्महिने आली नव्हती. जी पावडर मिळत होती ती हीच.

"शोधते," मी म्हणाले. दोन दिवस शोधलं. आमचं बुक, दुसऱ्या कंपन्यांची बुकं, लॅबच्या जुन्या फाइली. या पावडरच्या जड रेसिप्या ढीगभर. हलकी एकही नाही. माझा बॉस ग्रेग म्हणाला, "सुजाता, वेळ घालवू नकोस. पान नाही म्हणजे नाही." मी बुधवारी संध्याकाळी काकांना तेच कळवलं: डेटा नाही.

गुरुवारी दुपारी काका लॅबच्या रिसेप्शनला हजर. हातात काडतुसांचा खोका आणि लॅपटॉप.

"भरली मी," ते म्हणाले. "चारशे."

"कशावरून?"

त्यांनी स्प्रेडशीट उघडली. जड रेसिप्यांचे आकडे घेऊन ग्राफ काढला होता आणि रेघ खाली हलक्या वजनापर्यंत ओढली होती. "हे बघ, किती सुंदर फिट आहे. तीस वर्षं मी फॅबमध्ये चिपच्या रेसिप्याच केल्या. प्रत्येक रेसिपीला विंडो असते, थोडं इकडंतिकडं चालतं. आणि मी तर पावडर कमीच केलीय. कमी म्हणजे सेफच ना?"

"काका, कमी म्हणजे सेफ नसतं इथं."

"अगं, पंचवीस उडवून पाहिलीत क्लबवर. एकदम मस्त."

सावकाश पावडरला जळायला दाब लागतो. समोर जड छर्रे असले की दाब तयार होतो. हलके असले की ते आधीच पुढं निघून जातात. शिटीशिवाय कुकर लावल्यासारखं. डाळ कधी शिजते, कधी कच्ची राहते. थंडीत तर जास्तच.

"क्लबवर ऊन होतं," मी म्हणाले. "फ्लॅगस्टाफला सकाळी पाणी गोठतं. दहा द्या मला."

ग्रेगनं भुवया उंचावल्या, पण टेस्ट बॅरल मोकळं होतं. दहा काडतुसं फ्रीझरमध्ये थंड केली. मग एकेक जाड टेस्ट-नळीतून उडवली. काका काचेमागे उभे. पहिली सहा बरी, पण प्रत्येकाचा दाब वेगळा. सातव्याला नीट आवाजच झाला नाही. फुस्स.

ग्रेगनं हात वर केला. सगळं थांबवलं. नळीतून टॉर्च मारला तर पलीकडचा उजेड दिसेना. मध्ये वॉड अडकला होता.

मी काकांना आत बोलावून दाखवलं. "अनघाच्या कानात प्लग असतील. शेजारी चार जण गोळ्या झाडत असतील. तिला वाटेल, नेम चुकला. ती पुढचं काडतूस घालेल. नळी फुटेल, तिथंच तिचा डावा हात असतो."

"एक," काका म्हणाले. "सातात एक. मी पावडर थोडी वाढवतो."

"किती?"

तो आकडा मलाही सांगता आला नसता. ते नीट ठरवायला शेकडो शॉट आणि काही आठवडे लागतात, आणि तरीही रेसिपी निघेलच असं नाही.

"खोका इथं ठेवून जा, काका. आम्ही नष्ट करतो."

"माझं सामान आहे ते." त्यांनी खोका उचलला. "तिनं पाच महिने वाट पाहिलीय, सुजाता. तुला काय, नाही म्हणायला फोन पुरतो."

कस्टमरचं सामान ठेवून घ्यायचा अधिकार आम्हाला नाही. ग्रेग म्हणाला, "तू सांगितलंस. तुझं काम संपलं." मी रिपोर्टमध्ये 'धोकादायक, वापरू नये' लिहिलं, सही केली आणि घरी गेले.

या धंद्यात मी एक शिकले आहे. बुकात नसलेली रेसिपी बहुतेक वेळा कुणीतरी आधीच करून पाहिलेली असते. म्हणूनच ती बुकात नसते.

शुक्रवारी सकाळी सातला मी अनघाला फोन केला.

"हाय मावशी! पप्पा सेड यू टेस्टेड देम. थँक यू सो मच."

"टेस्ट केली. एक वॉड नळीत अडकला. ती काडतुसं वापरायची नाहीत, एकही नाही."

"ही डिडन्ट टेल मी दॅट."

"म्हणून मी सांगतेय."

"सो व्हॉट डू आय शूट टुमॉरो?"

"काहीच नाही, बाळा," मी म्हणाले, आणि उद्या खेळत नाही हे कळवायला तिनं दुसऱ्या फोनवरून कोचला फोन लावेपर्यंत लाइनवर थांबले.