गाडी गुजरीत येऊ द्या

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात आजवर कुणी कुणाविषयी लिहिलेलं नाही. वडील सरकी काढायच्या जिनात कापसाची ओझी वाहायचे. लिहिणं म्हणजे दुसऱ्याकडून अर्ज लिहून घेणं, एवढीच आमची त्याच्याशी ओळख. मी कॉलेजात गेलो, म्हणून मला माणसाचं चित्र काढता येईलच असं नाही. त्यातून ज्या बाईंविषयी लिहायचं आहे त्या मला नीट समजल्या होत्या असंही म्हणवत नाही. त्यांच्याकडे गेलो की माझा गोंधळ कमी होण्याऐवजी वाढायचा. तरी लिहितो. काही चुकलं तर गावच्या लोकांनी सांभाळून घ्यावं.

गाव त्यांना मेंबरबाई म्हणायचं. म्युनिसिपल कमेटीत बायकांच्या वतीने एक मेंबर असावी म्हणून त्यांना घेतलं होतं. त्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसावं, चहा घ्यावा आणि सही करावी, एवढीच अपेक्षा होती. पहिल्याच सभेत ओव्हरसियरने नालीच्या उताराबद्दल काहीतरी वाचून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मेंबरबाई म्हणाल्या, "मले नाई समजलं. पुन्हा सांगा." त्याने पुन्हा सांगितलं. "अजून नाई समजलं." तिसऱ्यांदा सांगताना ओव्हरसियर स्वतःच उताराच्या वर गेला की खाली आला हे त्याला कळेना, आणि अध्यक्षांनी तो विषय पुढच्या सभेवर ढकलला.

हा किस्सा मी यवतमाळला कॉलेजात असताना ऐकला. तिथे प्राध्यापक "समजलं ना?" असं विचारायचे आणि सगळ्यांबरोबर मीही मान हलवायचो. अर्धं समजलेलं नसायचं. चौथीपर्यंत शिकलेली एक बाई भरसभेत ते बोलून जाते, याला धाडस म्हणावं की भोळेपणा, हे मला ठरवता आलं नाही.

त्यांचे यजमान सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. ते फारच कमी बोलायचे. बाई ओसरीवर एका मशीनवर शिवणक्लास चालवायच्या. आमचं घर मागच्या बोळात, म्हणून मी सुट्टीत आलो की त्या हाक मारायच्या, "ओ कॉलेजवाले, जरा या इकडं." मी गेलो की बाबू म्हणायच्या.

घरात सत्ता त्यांच्या भासऱ्यांची, म्हणजे यजमानांच्या थोरल्या भावाची. सगळे त्यांना आप्पाजी म्हणत. कापसाची चांगली शेती, आणि कमेटीचे ते उपाध्यक्ष. आमच्याकडे बाई भासऱ्यांशी समोरासमोर बोलत नाही, हे वाचणाऱ्यांना सांगायला नको. घरी ते ठीक होतं. पण कमेटीच्या सभेत मोठी पंचाईत व्हायची. मेंबरबाई पदर पुढे ओढून म्हणायच्या, "अध्यक्षसाहेब, आमच्या भासऱ्यांना विचारा, बाजाराच्या रस्त्यावर मुरूम केव्हा पडन?" आप्पाजी छताकडे पाहून म्हणायचे, "तिले सांगा, गाड्या रिकाम्या झाल्या की पडन." दोघांच्या मधे अडीच हात जागा. बिचारे अध्यक्ष एकदा इकडे मान वळवायचे, एकदा तिकडे.

त्या काळी एस.टी. गावात येत नसे. नाल्याच्या पलीकडे नाक्यावर थांबायची. तिथे एक दारूचं दुकान, आणि हंगामात जिनाकडे जाणाऱ्या कापसाच्या बैलगाड्यांची रांग. गावात शाळा सातवीपर्यंतच, हायस्कूल दारव्ह्याला. मुलगे नाक्यावर जाऊन गाडी पकडायचे. मुलींना कुणी पाठवत नसे. मेंबरबाईंची सुशी सातवी पास झाली आणि तिला दारव्ह्याला घालण्याचा विषय घरात निघाला. आप्पाजी जेवता जेवता म्हणाले, "गाडी गुजरीत येऊ द्या, मग पाठवू पोरीले."

गुजरी म्हणजे गावाच्या मधला भाजीबाजाराचा चौक. तिथे एस.टी. येणार नाही हे लहान पोरालाही कळत होतं, म्हणून पंगतीत सगळे हसले. हे उत्तर गावात लोकांना इतकं आवडलं की ज्याच्या त्याच्या घरी मुलीच्या शिक्षणाचा विषय निघाला की तेच ऐकू येऊ लागलं. गाडी गुजरीत येऊ द्या.

मेंबरबाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला विचारलं, "बाबू, गाडी गुजरीत आणाची, त कोणाले सांगा लागते?"

मला माहीत नव्हतं. पण कॉलेजात जात असल्यामुळे माहीत असायला हवं होतं. मी एक अर्ज लिहून दिला. तो नागपूरला गेला. तेवढ्यात राज्य बदललं, आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलो, आणि कागद कुठे आहे ते कुणालाच सांगता येईना. यवतमाळचा कारकून म्हणाला, तुमचं राज्य आता तिकडे गेलं, नवा अर्ज करा. बाई त्याला म्हणाल्या, "राज्य जाऊ द्या न जी तिकडं. नाका त तिथंच हाय ना?" कारकून हसला, पण नवा अर्ज करावाच लागला.

पुढच्या सुट्टीत त्यांनी गावाचा नकाशा माझ्यासमोर पसरला. वर इंग्रजी अक्षरं, खाली नुसत्या रेघा. मी बराच वेळ गंभीरपणे पाहत राहिलो. "यात गुजरी कुठं हाय, बाबू?" मी एका चौकोनावर बोट ठेवलं. त्या बोटाभोवती आम्ही दोघांनी पुष्कळ विचार केला, गाडी इकडून येईल, तिकडून वळेल. दोन दिवसांनी ओव्हरसियर म्हणाला, तो कोंडवाडा आहे.

शेवटी यवतमाळच्या साहेबांनी एक वाट दाखवली. गाडी वळेल असं कमेटीने लेखी कळवावं, मग एक गाडी पाहण्यापुरती पाठवू. खरी अडचण एकाच वळणावर होती. गुजरीच्या तोंडाशी एका बाजूला किराणावाल्या शेठचा दगडी ओटा, दुसऱ्या बाजूला कडुनिंबाचा पार. ओव्हरसियर म्हणाला, ओटा थोडा तोडला तर होईल. त्यावर सभेत कुणी बोलेना, कारण रस्त्यावर आलेला ओटा प्रत्येक मेंबराच्या घराला होता. तेव्हा मेंबरबाई म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, तोडाचं मंग पाहू. आधी बांबूची गाडी करून फिरवून पाहाले काय हरकत हाय?" बांबूने कुणाचंच नुकसान होणार नव्हतं. ठराव एकमताने पास झाला.

बाई सुतळी घेऊन नाक्यावर गेल्या आणि उभ्या एस.टी.चं माप घेऊ लागल्या. ड्रायव्हर खिडकीतून वाकून म्हणाला, "बाई, गाडीले झंपर शिवता काय?"

"हो ना, दादा. गावाचं कापड पुरते का नाई, ते पाहून राह्यली."

बुरुडाने सांगाडा बांधून दिला. एस.टी.एवढाच लांब, तेवढाच रुंद. आम्ही पोरं तो खांद्यावर घेऊन नाक्यावरून निघालो. आतल्या मोकळ्या जागेत लहान मुलं उतारू म्हणून चालत होती, आणि एक जण उगाचच तिकीट तिकीट ओरडत होता. दारादारातून विचारणा होत होती. कुणी म्हणालं, कोणत्या देवाची पालखी? एका म्हाताऱ्याने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "एवढी मोठी तिरडी कोनाची व बाप्पा?"

"तुमची नोहे, आजोबा," बाई म्हणाल्या, "निवांत बसा."

त्या वळणावर आलो तेव्हा सगळं गाव मदतीला धावलं. "इकडून जरा उचला बे!" "वाकवा, वाकवा, थोडंसं!" शेठने स्वतः ओट्यावरचे डबे बाजूला केले आणि सांगाड्याचं टोक आपल्या ओट्यावरून हाताने पार करून दिलं. मागचा कोपरा माझ्याकडे होता. बांबू पाराला लागला तेव्हा मी खांदा आत घेतला, बांबू वाकला, आणि आम्ही गुजरीत पोचलो. भाजीवाल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. ओव्हरसियरने लिहिलं, गाडी वळते.

खरी एस.टी. उचलता येत नाही आणि वाकवता येत नाही, हे एवढ्या माणसांपैकी कुणाच्याच मनात आलं नाही. निदान माझ्या तरी आलं नाही, आणि मी त्या वर्षी इंटरला होतो.

ठरलेल्या दिवशी गाडी आली. नाला ओलांडून, मुरमाच्या रस्त्याने, पुढे हार लावलेली. पोरं मागे धावत होती. त्या वळणावर ड्रायव्हरने पुढे घेतली, मागे घेतली, परत पुढे घेतली, आणि ती ओटा आणि पार यांच्यामध्ये जी बसली ती हलेना. तोंड गुजरीत, शेपूट गल्लीत. अध्यक्ष घाम पुसू लागले. शेठ ओट्यावर आडवे हात करून उभे राहिले. मग कुणीतरी हसलं, आणि सगळी गुजरी हसायला लागली. "मेंबरबाई, आता वाकवा ना गाडीले!" आप्पाजी आले आणि काठी टेकून उभे राहिले. त्यांना बोलायची गरजच नव्हती. सुशी शिवणाच्या मशीनपाशीच राहणार, हे तिथे सगळ्यांना कळलं होतं.

मेंबरबाई गर्दीतून पुढे आल्या. पदर नाकापर्यंत ओढलेला. त्या आप्पाजींकडे गेल्या नाहीत, ड्रायव्हरच्या खिडकीपाशी गेल्या.

"ड्रायव्हरदादा, आमच्या भासऱ्यांना सांगा, गाडी गुजरीत आली."

ड्रायव्हर आधीच वैतागलेला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाला, "कोन हाय भासरे? गाडी गुजरीत आली म्हनते बाई!"

हसणं थांबलं. आप्पाजी ड्रायव्हरला म्हणाले, "तिले म्हना, आली नाई. अडकली."

"अडकली, पण गुजरीत अडकली," बाई ड्रायव्हरला म्हणाल्या. "येऊ द्या म्हटलं होतं. परत जाऊ द्या असं नव्हतं म्हटलं."

भाजीवाल्यांपैकी एक म्हातारी मोठ्याने बोलली, "बराबर हाय व माय!" आप्पाजींनी गाडीकडे पाहिलं, तिच्या पुढच्या हाराकडे पाहिलं, जमलेल्या लोकांकडे पाहिलं. उपाध्यक्ष होते, शब्द फिरवायचा तर एवढ्या लोकांदेखत फिरवावा लागला असता. मग काठी उचलून वळता वळता म्हणाले, "इचारा तिले, शाळा केव्हा उघडते."

गाडी संध्याकाळी बंजारा तांड्यावरच्या नाईकांच्या बैलजोड्यांनी मागच्या मागे ओढून काढली. त्यानंतर एस.टी. गावात कधी आली नाही. वळणाचा विषय कमेटीत पुन्हा कुणी काढू दिला नाही. सुशी मात्र दारव्ह्याला जाऊ लागली. रोज सकाळी मेंबरबाई तिला घेऊन गुजरीतून, नाल्यातून, कापसाच्या गाड्यांच्या रांगेजवळून नाक्यावर जायच्या आणि संध्याकाळी तिथेच उभ्या दिसायच्या. पुढे त्यांच्यामागे आणखी काही मुली दिसू लागल्या. ज्यांच्या बापांनी आप्पाजींचं वाक्य उचललं होतं, त्यांनाही ते आता परत घेता येईना.

माझा गोंधळ तेव्हापासूनचा आहे. गाडी अडकणार हे बाईंना आधी माहीत होतं का? एकदा धीर करून विचारलं, "काकू, बांबू वाकतो हे तुमच्या लक्षात नव्हतं आलं?" त्या सुईत दोरा ओवत होत्या. म्हणाल्या, "मले बांबूतलं काय समजते, बाबू?" म्हणजे मला वाटलं, माहीत होतं. पण कंपाउंडरकाका, जे सहसा बोलत नसत, ते मला दवाखान्याच्या दारात म्हणाले, "त्या दिवशी घरी येऊन लय रडली ते. गाडी खरंच याले पाह्यजे होती तिले." म्हणजे माहीत नव्हतं. की माहीत असूनही रडल्या? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. एकदा वाटतं, आम्ही सगळे बांबू वाकवत असताना त्या एकट्याच सरळ उभ्या होत्या. एकदा वाटतं, त्याही आमच्यासारख्याच टाळ्या वाजवत होत्या, आणि गाडी अडकल्यावर तिथल्या तिथे त्यांना ते सुचलं. दोन्ही खरं असू शकतं का, हे मला अजून सांगता येत नाही.

पुढे मी नागपूरला गेलो, परीक्षा झाली, नोकरी लागली. गावी जाणं कमी झालं. नागपूरच्या वर्गात एकदा हात वर करून "सर, समजलं नाही" म्हणालो. एवढंच त्यांच्याकडून घेतलं असं म्हणता येईल. त्यांना हे सांगायचं राहून गेलं.

गेल्या महिन्यात यवतमाळच्या स्टँडवर आप्पाजी दिसले. खूप थकलेले, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. मी पाया पडलो आणि मेंबरबाई कशा आहेत म्हणून विचारलं.

"गेली ना ते," आप्पाजी म्हणाले. "चैतात गेली. ताप आला, चार-दोन दिवस पडली. तुले माहीत नवतं काय? आमाले वाटलं, तुले कळलं असन."

आसपास कंडक्टर गावांची नावं पुकारत होते. मी सुशीचं विचारलं.

"मास्तरीण झाली. तिकडं झरीच्या जंगलात, कोलामाच्या पोडावर शाळा हाय, पंधरा-वीस झोपड्यांची वस्ती, तिथं. तिलेच सोडून आलो आता."

"तिथपर्यंत गाडी जाते, आप्पाजी?"

"नाई जात," ते म्हणाले. "फाट्यावर उतरा लागते. मंग जंगलातून पायी."

"मग ती रोज?"

"रोज नाई. तिथंच राह्यते, पोडावर. शनिवारी फाट्यापर्यंत चालत येते गाडीसाठी."

"एकटी?"

आप्पाजींनी धोतराला लागलेला चिखल बोटाने खरवडला.

"एकटीच," ते म्हणाले. "मीच म्हटलं, जा."