भिंतीवरचा पोतारा

नातवाचा खोकला हटत नाही, तर आधी घरातली ओल शोधा, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून आज त्याच्या खोलीतलं कपाट सरकवलं, तर मागून बुरशीचा कुबट वास आला. मी तिथंच खाली बसले.

हाच वास आमच्या डोणगावच्या मातीच्या घराला होता. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, तेव्हाची गोष्ट. धाकटी बहीण सोनी दोन वर्षांची. ताप उतरला की खोकला, खोकला थांबतो न थांबतो तोच पुन्हा ताप. पावसाळाभर तिच्या बाजेमागच्या भिंतीवर काळे ठिपके उमटायचे आणि आई पदर खोचायची.

"शेणमाती कालव वं शांते. लेकरू बिमार हाये, भिंत काळी बरी नाई."

मी कालवायचे, ती फडक्यानं भिंतीवर पोतारा फिरवायची. मग सोनीला वारा लागू नये म्हणून झरोक्यात पोत्याचा बोळा कोंबायची. भिंत वाळायच्या आत ठिपके पुन्हा वर यायचे, आणि मी पुन्हा कालवायला बसायचे. सोनी ओल्या भिंतीवर बोटं उमटवून हसायची, हसता हसता खोकायची.

दिवाळीआधी ती गेली.

म्हातारपणी आईनं एकदा विचारलं होतं, "माह्याकून काई कमी पडलं का वं?"

"नाई, आई," मी म्हणाले होते. तेव्हा ते नुसतं धीर देणं होतं. आज कळतं, खरंच काही कमी पडलं नव्हतं. आम्ही दोघींनी जरा आळस केला असता, तर भिंत तरी वाळली असती.