तिरकी शिवण

माझ्या सासूबाई बोलायला लागल्या की समोरच्याला श्वास घ्यायला फट मिळत नसे. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं शिलाई मशीन होतं. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, कुणाच्या सैल झालेल्या कमरा, सगळं त्यावर व्हायचं. माप द्यायला आलेली बाई घरचं गाऱ्हाणं सांगून आणि गल्लीतल्या चार बातम्या घेऊन जायची. अशा बाईला सगळी वस्ती ‘मुकी मावशी’ का म्हणते, हे लग्न होऊन आल्यावर मला काही केल्या कळेना.

कळलं ते पहिल्यांदा शेजारी कुणी गेलं तेव्हा. गेलेल्या माणसाच्या अंगावर घालायचं पांढरं वस्त्र शिवण्याचं काम सासूबाईंच्या माहेरी आईकडून लेकीकडे आलेलं. कापड दारात आलं की मशीनवर चादर पडे. त्या अंघोळ करत, पाण्याचा घोटही न घेता चटईवर बसत आणि हाताने शिवत. दोऱ्याला गाठ मारायची नाही, टाक्यावर टाका घेऊन तो अडकवायचा. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे शेवटचा टाका पडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. मनात फक्त देवाचं नाव. तेवढ्यात माझ्या हातून पातेलं आपटलं तर त्या अशा बघत की मीच काय, पातेलंही खजील व्हावं.

माझं देवाशी भांडण नाही, ओळखच जेमतेम आहे. मी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. नियम तिथेही असतात, पण मोडला तर काय बिघडतं ते दाखवता येतं. म्हणून एकदा मी विचारलं, “आई, गाठ मारली तर काय होईल?”

“शिवण चुकेल.”

“आणि बोललं तर?”

“मन चुकेल,” त्या म्हणाल्या. “आणि तुझं दूध उतू चाललंय, ते बघ.”

त्यांना एक धाकटी बहीण होती. दोन गल्ल्या सोडून राहायची, पण दोघींचं बोलणं बंद. कारण मला नवऱ्याने सांगितलं. त्यांची आई गेली तेव्हा दोघी बहिणी चटईवर समोरासमोर बसून तिचं वस्त्र शिवत होत्या. उजवी बाजू थोरलीची, डावी धाकटीची. निम्म्यावर आल्यावर धाकटीला राहवलं नाही. “आई, तू सगळ्यांची मापं घेतलीस, तुझं माप आम्ही कधी घेतलंच नाही गं,” असं म्हणून ती हमसून हमसून रडायला लागली. सासूबाईंनी एक शब्द न बोलता तिच्या मांडीवरचं कापड ओढून घेतलं, तिची शिवण उसवली आणि सगळी पुन्हा घातली. धाकटी बघत बसली. मग उठली, चपला घातल्या आणि गेली.

“एक फोन तरी करा,” मी अधूनमधून म्हणायचे.

“तिने करावा. नियम तिने मोडला,” हे उत्तर ठरलेलं. मला त्या उत्तराचा मनस्वी राग यायचा.

मग एके सकाळी धाकटीची मुलगी दारात उभी राहिली. हातात पांढऱ्या कापडाची घडी. “मावशी, आई गेली,” ती म्हणाली. “पहाटे, झोपेतच.”

सासूबाईंनी चौकट धरली. मग कापड घेतलं. “कधी न्यायचंय?”

“दुपारी. उन्हं कलायच्या आत.”

“तयार ठेवते.”

बस, एवढंच. माझं डोकं फिरलं. “आई, आधी जाऊन तिचं तोंड तरी बघून या!”

“आधी कापड व्हायला हवं,” म्हणाल्या आणि अंघोळीला गेल्या.

मी कामावर कळवलं आणि स्वयंपाकघराच्या दारात बसून राहिले. त्या शिवत होत्या. ओठ मिटलेले, डोळे कोरडे, सुई आत-बाहेर, आत-बाहेर. सख्खी बहीण गेली होती आणि टाका तसूभर हलत नव्हता. ही बाई देवाला मानते की सुईला, असं माझ्या मनात आलं. आज या बाईच्या डोळ्यात पाणी आलं नाही तर यापुढे मला त्यांच्या देवाचं नावही ऐकायचं नव्हतं.

दुपारी भाची कापड न्यायला आली. शेवटचा टाका पडून घडी घातलेली होती. तिने शिवणीवरून बोट फिरवलं. “किती सरळ! आई म्हणायचीच, ताईसारखा हात कुणाचा नाही.”

“अजून काय म्हणायची?” सासूबाईंनी विचारलं.

“तुमच्याबद्दल? वाईट कधीच नाही बोलली.” पोरगी पहाटेपासूनची दमलेली, सहज बोलत होती. “फक्त एक सवय होती तिला. डोळ्यात पाणी आलं की हातातलं काम आधी बाजूला ठेवायची. इस्त्री करत असली तर इस्त्री बंद करायची, मग रडायची. मी हसायचे. तर म्हणायची, कामावर रडलं की काम उसवावं लागतं.”

सासूबाई पुन्हा चटईवर बसल्या. घडी उलगडली, छोटी कात्री उचलली आणि डाव्या बाजूच्या पहिल्या टाक्यात तिचं टोक घातलं.

“मावशी, अहो, माणसं थांबलीयत!”

“थांबू देत.”

मी धावत आले. “आई, काय करताय? चुकलंय कुठे?”

“कुठेच नाही,” त्या म्हणाल्या. कात्री चालूच होती. “सकाळपासून देवाचं नाव घेतेय आणि लक्ष सगळं टाक्यावर. देवाकडे नव्हतं, हिच्याकडे तर नव्हतंच. परक्या कुणाचं असतं तरी असंच शिवलं असतं मी. उजवी बाजू राहू दे. ही बाजू आईच्या वेळी तिची होती.”

मग त्यांनी सुई घेतली. दोरा ओवता येईना. सुई माझ्यापुढे धरली.

“आई, माझी अंघोळ नाही झालेली. नाश्ताही झालाय.”

“ओव म्हणते ना.”

मी ओवली. पहिला टाका घातला आणि त्या बोलायला लागल्या. आमच्याशी नाही.

“चिमे, बघ, दोरा ओवता येत नाही मला. तू असतीस तर हसली असतीस. तुला थंडी सोसत नाही, म्हणून बाही लांब ठेवलीय. माझा निळा झगा पळवला होतास, आठवतं? मी आईला सांगितलं नाही, आज सांगते...” नाक ओढायला थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या. “त्या दिवशी तू उठलीस ना, तेव्हा मला हाक मारायची होती गं. तू चपला घालत होतीस, मला दिसत होतीस. पण शिवण संपली नव्हती. बोलता येत नव्हतं. संपली तेव्हा तू गेलेली होतीस.”

भाची त्यांच्या पाठीला टेकून रडत होती. मी तर हमसाहमशी रडत होते, आणि त्या बाईशी माझी धड तोंडओळखही नव्हती. कापडावर पाणी पडत होतं. शिवण काखेपाशी सरळ होती, पुढे वाहवत गेली. माझ्यातली प्रयोगशाळा जागी झाली आणि मी म्हटलं, “इथे तिरकी गेलीय. तेवढीच परत घालू का?”

त्यांनी माझं मनगट धरलं. “हात लावायचा नाही.”

उशीर झाला. तिकडे चार माणसं कुरकुरली. सासूबाई कापड घेऊन स्वतः गेल्या आणि बहिणीला स्वतःच्या हाताने घातलं.

त्यानंतरही त्यांनी नियम सोडले नाहीत. अंघोळ, उपास, बिनगाठीचा दोरा, परक्यांसाठी शिवताना मौनसुद्धा. पण कापड घेऊन आलेल्याला त्या आधी बसवून घ्यायच्या आणि विचारायच्या, “माणूस कसा होता?” आणि घरच्या कुणाला जवळ बसून रडायचं असेल, तर चटईवर सरकून जागा करून द्यायच्या.

त्या गेल्या तेव्हा त्यांचं कापड मी आणि भाचीने शिवलं. मी पहिल्यांदाच बसत होते. अंघोळ केली, पाणी प्यायले नाही, मशीनवर चादर टाकली. देवाचं नाव घ्यायला गेले, तर ते तोंडात उपरं वाटायला लागलं. म्हणून मी त्यांच्याशीच भांडायला बसले. पातेल्यांवरून, उतू गेलेल्या दुधावरून, मला शिवण शिकवायची राहून गेली त्यावरून. भांडता भांडता कधीतरी मी देवाला म्हणाले, हिला नीट सांभाळ, बोलेल फार, पण ऐकून घे. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्याकडे काही मागत होते.

माझी बाजू पार वेडीवाकडी झाली. भाचीने ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. कात्री उचलली, दोऱ्याचं उरलेलं टोक कापलं आणि कापडाची घडी घातली.