शून्याच्या खालचं पाणी

सकाळचे आठ वाजले की पट्टीमामा नदीच्या पायऱ्या उतरायचे. आठ म्हणजे आठ. दोन मिनिटं उशीर झाला तर ते स्वतःवरच चिडत आणि मग दिवसभर घरात कुणाची धडगत नसे. नदीकाठी दगडी खांबांवर एकाखाली एक अशा सहा पांढऱ्या पट्ट्या ठोकलेल्या होत्या. सगळ्यांत वरची काठाच्या उंचीला, सगळ्यांत खालची थेट पात्रात, आणि सगळ्यांवर काळे आकडे. पाणी ज्या आकड्याला टेकलं असेल तो वाचायचा, वहीत लिहायचा, खाली सही करायची. संध्याकाळी पाचला पुन्हा तेच. पाणी खात्याने त्यांना एवढ्यासाठीच नेमलं होतं आणि एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. खरं नाव पगारपत्रकात उरलं होतं. बाकी लहानथोर सगळ्यांसाठी ते पट्टीमामा.

काम ऐकायला पोरखेळ वाटतं. पण पाणी काही गप्प उभं राहत नाही. लाट आली की दोन बोटं वर, ओसरली की दोन बोटं खाली. घाईचा माणूस लाटेवरचा आकडा लिहून मोकळा होतो. मामा उकिडवे बसत, दहा लाटा बघत आणि मधला आकडा धरत. एकदा ते तापाने फणफणले होते तेव्हा बायकोला पाठवलं. ती येऊन म्हणाली, "दीड मीटरच्या आसपास आहे." "आसपास?" असं म्हणत हा माणूस अंगावर चादर लपेटून स्वतः नदीवर गेला. आसपास, साधारण, जवळजवळ हे शब्द त्यांना शिवीसारखे लागत. बायको शेजारणींना सांगायची, "यांना भाजी कशी झालीय म्हणून विचारायची सोय नाही. दहा घास खातील आणि मधला धरून सांगतील."

ही चेष्टा खरी, पण त्या काटेकोरपणाला किंमतही होती. एका वर्षी मोठा पूर आला. मामांनी स्वतःला दोरीने झाडाला बांधून घेतलं आणि दीड दिवस तासातासाला आकडा कळवला. त्या आकड्यांवर खालच्या वस्त्यांतली माणसं वेळेत हलवली गेली. त्यांत त्यांची थोरली बहीणही होती. तिचं सासर नदी समुद्राला मिळते त्या तोंडाजवळ. तेव्हापासून ताई ज्याला त्याला सांगायची की माझ्या भावाचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

पूर मोजायला सरकारने माणूस ठेवला होता. नदी आटायला लागली तर तेही मोजावं लागेल, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पट्ट्या ठोकणाऱ्यांनी सगळ्यांत खालच्या पट्टीच्या खालच्या कडेला शून्य लिहिलं आणि हात झटकून ते निघून गेले. त्याच्याही खाली पाणी जाईल असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

पण माणूस एकदा प्यायला बसला की त्याला थांबवणार कोण! वरच्या अंगाला शहर वाढलं, त्याचे जाडजूड पाइप आले. कापड रंगवण्याचा कारखाना आला. दोन्ही काठांच्या शेतांत वर्षाला एक पीक निघायचं तिथे तीन निघायला लागली, आणि पात्रात तोंड घालून बसलेले पंप मामांनी एकदा मोजले ते चौदा भरले. शिवाय वाळू. यंत्रं पात्रात उतरून दिवसभर वाळू उपसत, आणि नदीचा तळच खाली खाली जायला लागला. यातलं एकेक जण भेटलं की म्हणायचं, आम्ही असं कितीसं घेतो? आणि प्रत्येकाचं ते खरंही असायचं.

अकरा वर्षांपूर्वी, पावसाळ्याला महिनाभर असताना, एका सकाळी पाणी शून्याखाली गेलं. पट्टी कोरडी. तिच्याखाली चार बोटं ओला दगड आणि मग पाणी. मामा पेन उघडून तसेच बसून राहिले. काय लिहावं ते सुचेना. शेवटी वही काखोटीला मारून ते खात्याच्या कार्यालयात गेले.

तिथला कारकून वयाने लहान, पण खुर्चीने मोठा. त्याने वहीकडे बघितलंही नाही.

"मामा, पट्टीवर काय दिसतंय?"

"काहीच नाही. पाणी पट्टीच्या खाली आहे. काठी लावून मोजतो ना मी, किती खाली ते."

"काठी बिठी नको. तक्त्यात वजा लिहायला रकाना नाही. मी वजा लिहून पाठवलं की वरून फोन येणार, पट्टी तुटली का म्हणून. मग मी कुणाकुणाला उत्तरं देत बसू? शून्य लिहा."

"पण शून्याला पाणी नाहीये."

"पट्टीवर पाणी शून्य आहे की नाही? मग झालं तर."

मामांनी शून्य लिहिलं. त्या वर्षी असे नऊ दिवस होते. पुढल्या वर्षी एकवीस. मग दोन महिने, मग चार. अलीकडे तर थंडी सरायच्या आतच पट्टी कोरडी पडायची. प्रवाह पलीकडच्या काठाला जाऊन चिकटला होता, घोट्याएवढा, हिरवट. मामा तरीही रोज आठला पायऱ्या उतरत, चिखलातून शेवटच्या खांबापर्यंत जात, वाकून बघत, वर येऊन शून्य लिहीत आणि खाली सही करत. बायको एकदा म्हणाली, "अहो, शून्यच लिहायचं तर घरी बसून लिहा. पाय तरी धुवावे लागणार नाहीत." तर ते भडकले. "न बघता लिहायचं नसतं!"

म्हणजे हा माणूस रोज इमानाने नदीपर्यंत जात होता आणि तितक्याच इमानाने खोटं लिहीत होता. स्वतःपुरती एक वेगळी वही घालता आली असती. तसं सुचलं नाही असंही नाही. पण खात्याने न मागितलेला आकडा लिहिणं त्यांना आगाऊपणाचं वाटलं. आयुष्यभर नाकासमोर चाललेल्या माणसाला बाजूला वळून बघणं जड जातं. मला त्यांचा राग येतो तो इथे.

निवृत्तीला आठ महिने उरले असताना नोटीस लागली. वरच्या शहरासाठी नदीतून आणखी एक मोठा पाइप टाकायचा होता आणि त्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला सुनावणी ठेवली होती. आदल्या दिवशी दुपारी ताई मामांच्या दारात हजर. सत्तरीची बाई, चार तास बसने आलेली. तिने आधी पिशवीतून बाटली काढली.

"पिऊन बघ."

मामांनी घोट घेतला आणि मोरीत जाऊन थुंकला. पाणी खारट होतं.

"आमच्या विहिरीचं," ताई म्हणाली. "सहा वर्षं झाली. आधी वांगी गेली, मग मिरची, आता गवतसुद्धा पिवळं पडतं. अर्धी आळी उठून गेली. आणि आता हे आणखी पाणी नेणार म्हणे."

मामांना समजावून सांगायची गरज नव्हती. नदीचं गोडं पाणी समुद्राला मागे रेटत असतं. तेच कमी झालं की समुद्र आत शिरतो, पात्रातून आणि जमिनीखालूनही. हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

"उद्या तू बोल," ताई म्हणाली. "आम्ही कितीही रडलो तरी ते म्हणतील, बायाबापड्या आहेत. तुझ्याकडे एकतीस वर्षांचे आकडे आहेत. नदी किती खाली गेली ते नुसतं वाचून दाखव. तुझ्या आकड्यापुढे कोण बोलणार?"

मामांना वहीतली शून्यं आठवली. तेव्हाच सांगायला हवं होतं. बायको चहा घेऊन आली, ताईच्या गुडघ्यांची विचारपूस सुरू झाली, आणि ते "बघू" एवढंच म्हणाले.

सुनावणी एका शाळेच्या सभागृहात होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, करकरणारे पंखे, भिंतीवर पांढरा पडदा. समोर बसलेल्या अधिकारी बाई मामांच्या मुलीच्या वयाच्या असतील. उर्मट नव्हत्या. बोलणाऱ्या प्रत्येकाचं ऐकून घेत होत्या, मध्येच लिहीत होत्या. मग त्यांनी पडद्यावर एक आलेख लावला. दरवर्षी नदीची सगळ्यांत खाली गेलेली पातळी, वर्षाला एक ठिपका. पहिली वीस वर्षं ठिपके थोडे वर, थोडे खाली. पुढची अकरा वर्षं सगळे ठिपके एका ओळीत, पट्टीने आखल्यासारखे.

"तुमची काळजी मी समजू शकते," बाई म्हणाल्या, "पण गेल्या अकरा वर्षांत नदीची उन्हाळी पातळी अजिबात घसरलेली नाही. उलट ती स्थिर झाली आहे. म्हणूनच आणखी पाणी घ्यायला हरकत नाही असा अभियंत्यांचा अहवाल आहे."

ताईने मान वळवून भावाकडे बघितलं. मामा उभे राहिले.

"मॅडम, ती नदी नाही. ती पट्टीची खालची कड आहे."

सभागृहात कुजबुज झाली. मामांनी सगळं सांगितलं. रकान्याचं, कारकुनाचं, कोरड्या पट्टीचं, आणि आपल्या सहीचं. काहीही झाकून ठेवलं नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे पाणी शून्याच्या खाली आहे. किती खाली?"

"मोजलेलं नाही."

"कोणत्याच वर्षी?"

"नाही."

"ठीक आहे. तुमचा अंदाज सांगा. तुम्ही रोज बघत होतात. कुणी सांगू शकेल तर तुम्हीच."

मागून ताईने त्यांचा सदरा ओढला. "दोन मीटर म्हण," ती दबक्या आवाजात म्हणाली. "अरे, काहीतरी सांग."

दोन मीटर. कदाचित तेवढंच असेल. कदाचित जास्तही. चुकीचा आकडा लिहून जे झालं ते समोर पडद्यावर दिसत होतं. आता त्यावर दुसरा, न मोजलेला आकडा चढवायचा?

"नाही सांगता येणार," ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "काका, मला तुमचं खरं वाटतंय. पण वर पाठवायच्या कागदात मी काय लिहू? एकीकडे अकरा वर्षांचे आकडे, प्रत्येकाखाली तुमची सही. दुसरीकडे तुमचं तोंडी म्हणणं, त्यात आकडाच नाही. आज जाऊन मोजलं तरी तो एकाच दिवसाचा आकडा होईल. माझ्या जागी तुम्ही असता तर कुठला कागद धरला असता?"

मामांना उत्तर माहीत होतं. त्यांनी वहीच धरली असती. ते खाली बसले. त्यांचं म्हणणं नोंदवून घेतलं गेलं, आणि दोन महिन्यांनी पाइपला मंजुरी मिळाली.

पण ते दोन महिन्यांनी. त्या दुपारी ते ताईला सोडायला बसथांब्यावर गेले. दोघं बाकावर बसली. मामांना वाटलं होतं, ती शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पाणी खारं व्हायला लागलं तेव्हा मी तुला फोन केला होता," ती म्हणाली. "नदीला पाणी कमी झालंय का रे, म्हणून विचारलं होतं. आठवतंय?"

मामांनी मान डोलावली.

"काय म्हणालास?"

"मागच्या साली होतं तेवढंच आहे."

"तेवढंच आहे." ताईने पदराने तोंड पुसलं. "मी तुझ्या दाजींना सांगितलं, भाऊ म्हणतोय ना, नदी ठीक आहे. दोष आपल्या विहिरीतच असणार. मग त्यांनी विहीर आणखी खोल नेली. दोनदा. त्या वयात स्वतः आत उतरून. जितकं खाली गेले तितकं जास्त खारं लागलं. शेवटच्या आजारपणातसुद्धा एकच घोकत होते, खणताना माझंच काहीतरी चुकलं, सोन्यासारखी विहीर मी घालवली."

मामांना सांगायचं होतं की त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पण दाजींना जाऊन तीन वर्षं झाली होती.

बस आली. मामांनी आधाराला हात पुढे केला. ताईने तो बघितला, मग बसची दांडी धरली आणि एकेक पायरी करत एकटीच वर चढली.